हिपॅटायटिस बी आणि संगणकाने करून दिलेली आठवण : आक्षेपांचा प्रतिवाद

हिपॅटायटिस बीला महाराष्ट्रात ‘पांढरी कावीळ’ म्हणतात. नावात कावीळ असली तरी हा विषाणू ज्यांच्या यकृतात वर्षानुवर्षे ठाण मांडून असतो, त्यांतल्या बहुतेकांचे डोळे कधीच पिवळे होत नाहीत. भूक लागते, झोप लागते, कामधंदा चालू असतो. मग वीस-तीस वर्षांनी एखाद्याच्या पोटात पाणी होते, किंवा सोनोग्राफीत यकृतात गाठ दिसते. गावाकडे कावीळ उतरवायला गळ्यात मुळ्यांची माळ घालतात आणि माळ लांबत गेली की कावीळ उतरली असे धरतात. इथे पिवळेपणाच नसल्याने ती माळ घालायचाही प्रसंग येत नाही. हा आजार वेळेत सापडायचा तर ज्याला काहीही होत नाही अशा माणसाचे रक्त तपासावे लागते. सगळी अडचण इथूनच सुरू होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ साली जगात सुमारे २५.४ कोटी लोकांना दीर्घकालीन हिपॅटायटिस बी होता आणि त्या एका वर्षात या आजाराने सुमारे ११ लाख माणसे दगावली. बाधितांपैकी निदान झालेले अवघे १३ टक्के, उपचार मिळणारे ३ टक्के. चीनखालोखाल भारताचा नंबर, जवळजवळ तीन कोटींचा. अमेरिकेतला आकडा यामानाने लहान आहे. तिथल्या रोगनियंत्रण केंद्राचा, म्हणजे सीडीसीचा, अंदाज ५.८ लाख ते २४ लाख असा आहे. पण विमा, प्रयोगशाळा, विशेषज्ञ सगळे हाताशी असलेल्या त्या देशातही सुमारे दोन-तृतीयांश बाधितांना आपल्याला हा आजार आहे याचा पत्ता नाही. लस १९८१ पासून उपलब्ध आहे. रक्तचाचणी त्याहून जुनी आहे. टेनोफोव्हिर किंवा एन्टेकॅव्हिरची रोज एक गोळी विषाणूला दाबून ठेवते. म्हणजे साधनांची वानवा नाही. चाचणी लिहून द्यायची राहून जाते.

ही राहून जाणारी गोष्ट राहू नये म्हणून अमेरिकेत गेली काही वर्षे रुग्णाच्या इलेक्ट्रॉनिक नोंदीतूनच डॉक्टरला आठवण करून दिली जाते. कल्पना साधी आहे. रुग्णाची नोंद उघडली की संगणक मागच्या साऱ्या चाचण्या चाळतो. हिपॅटायटिस बीची चाचणी कधीच झालेली नसेल तर स्क्रीनवर तशी ओळ येते आणि तिच्याशेजारी चाचणी मागवण्याचे बटण असते. मार्च २०२३ मध्ये सीडीसीने अठरा वर्षांवरील प्रत्येकाची आयुष्यात निदान एकदा तपासणी करावी अशी शिफारस केली. त्यानंतर ही सोय आणखी सोपी झाली, कारण कोणाला सुचवायचे आणि कोणाला नाही हा प्रश्नच उरला नाही.

या पद्धतीला विरोध करणारे अडाणी नाहीत. त्यांत रोज चाळीस-पन्नास रुग्ण पाहणारे डॉक्टर आहेत, आरोग्यखर्चाचा हिशेब मांडणारे अभ्यासक आहेत, रुग्णहक्कांसाठी झटणारेही आहेत. यंत्राने डॉक्टरला शिकवू नये. स्क्रीनवर आधीच इतके इशारे असतात की कोणी वाचत नाही. फायदा झालाच तर चिमूटभर. नोंदीतला हा शिक्का माणसाला आयुष्यभर नडतो. आणि चाचणी मागवली म्हणजे रुग्ण बरा झाला असे नाही. यांपैकी प्रत्येक म्हणण्यात थोडे तथ्य आहे. त्यांतून काढलेला निष्कर्ष मात्र टिकत नाही.

पहिला आक्षेप मानापमानाचा. डॉक्टरला एवढे कळत नाही का? कळते, आणि प्रश्न कळण्याचा नाहीच. रक्तदाबासाठी आलेल्या शेहेचाळीस वर्षांच्या माणसाचे उदाहरण घ्या. भेटीला पंधरा मिनिटे आहेत. गोळी बदलायची आहे, साखर वाढली आहे, गुडघा दुखतो म्हणून तो सांगतो आहे, मुलीच्या लग्नाच्या धावपळीत झोप होत नाही असेही सांगतो आहे. यातले प्रत्येक काम आजचे आहे. आयुष्यात एकदा करायच्या चाचणीला मात्र ‘आज’ असा नसतोच. ती पुढच्या भेटीत केली तरी काही बिघडत नाही, त्याच्या पुढच्या भेटीत केली तरीही नाही. कोणत्याही एका दिवशी ती टाळणे चूक ठरत नाही, आणि अशा वीस वर्षांच्या बिनचूक दिवसांची बेरीज म्हणजे उशिरा सापडलेला कर्करोग. मुदत नसलेले काम माणसाच्या हातून राहतेच. तो कितीही हुशार असो. आठवण डॉक्टरला ज्ञान देत नाही, त्या कामाला तारीख देते.

ही गोष्ट पन्नास वर्षांपूर्वीच तपासून झाली आहे. अमेरिकेतील इंडियानापोलिसच्या रिगेनस्ट्रीफ संस्थेतील क्लेमेंट मॅकडोनल्ड यांनी १९७६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही डॉक्टरांना रुग्ण तपासताना संगणकाने काढलेल्या सूचना द्यायच्या, काही काळ द्यायच्या नाहीत, आणि त्याच डॉक्टरांच्या वागण्यातला फरक मोजायचा. सूचना असताना कृती व्हायला हवी अशा प्रसंगांपैकी ५१ टक्क्यांत ती झाली. सूचना नसताना २२ टक्क्यांत. डॉक्टर तेच, त्यांचे शिक्षणही तेच. या चुकांचे मूळ हलगर्जीपणात किंवा अज्ञानात नसून एकाच वेळी किती माहिती माणूस हाताळू शकतो या मर्यादेत आहे, असा मॅकडोनल्ड यांचा निष्कर्ष होता. लेखाच्या शीर्षकातच त्यांनी माणूस परिपूर्ण होऊ शकत नाही असे म्हटले. यात डॉक्टरांचा अपमान शोधणाऱ्यांनी शस्त्रक्रियेनंतर बोळे मोजणाऱ्या नर्सवरही रागवायला हवे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. इशाऱ्यांचा कंटाळा ही खरीच गोष्ट आहे. औषधांच्या सुरक्षिततेबद्दल संगणकाने दिलेले इशारे डॉक्टर ४९ ते ९६ टक्के वेळा बाजूला सारतात, असे २००६ साली हेलीन व्हॅन डर सायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या आढाव्यात आढळले. हा आकडा प्रत्येक वादात पुढे केला जातो. तो आकडा कशाचा आहे हे मात्र सांगायचे राहून जाते. दोन औषधे एकत्र देऊ नयेत, या गोळीने मूत्रपिंडावर ताण येईल, अशा इशाऱ्यांचा तो आकडा आहे. असा इशारा तोच डॉक्टर तीच दोन औषधे लिहितो तेव्हा दरवेळी येतो, आणि बहुतेक वेळा डॉक्टरने विचार करूनच ती लिहिलेली असतात. लांडगा आला रे आला अशी रोज आरोळी ठोकली तर कोण धावून येणार?

हिपॅटायटिस बीच्या आठवणीची जात वेगळी आहे. ती एका रुग्णासाठी एकदाच खरी असते. चाचणी झाली की कायमची जाते. शिवाय ती जवळपास कधीच चुकीची नसते. नोंदीत चाचणी नाही म्हणजे नाही. एकच अपवाद आहे. चाचणी दुसऱ्या रुग्णालयात झालेली असेल आणि ती नोंद इकडे आलेली नसेल, तर डॉक्टरला ‘बाहेर झाली आहे’ असे टिपता आले पाहिजे, आणि ती टीप पुढच्या प्रत्येक डॉक्टरला दिसली पाहिजे. ही सोय न करता बसवलेली प्रणाली सहा महिन्यांत सगळ्यांच्या डोक्यात जाते आणि मग तिच्या नावाने पूर्ण कल्पनेलाच शिव्या बसतात. त्यात दोष बसवणाऱ्याचा असतो.

आठवण कुठे आणि कशी यावी यावरही बरेच अवलंबून आहे. स्क्रीनच्या मधोमध उडी मारून येणारी, बंद केल्याशिवाय पुढे जाऊ न देणारी चौकट या चाचणीसाठी अजिबात नको. रक्तदाबाच्या रुग्णाची हिपॅटायटिस बीची चाचणी पुढच्या महिन्यात झाली तर आकाश कोसळत नाही. बाजूच्या पट्टीत लसीकरण, साखर, कोलेस्टेरॉल यांच्या रांगेत ती एक ओळ पुरे. आडवी येणारी चौकट एका ठिकाणी मात्र हवीच. कर्करोगाच्या किंवा संधिवाताच्या रुग्णाला रिटुक्सिमॅब द्यायच्या वेळी. हे औषध दबलेल्या विषाणूला जागे करू शकते आणि त्यातून यकृत निकामी होऊन मृत्यू येऊ शकतो. म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली त्यावर सर्वांत कडक इशारा लावला. तिथल्या कर्करोग केंद्रांतील तीन हजारांहून अधिक नव्या रुग्णांच्या एका अभ्यासात ६.५ टक्के लोकांना पूर्वी हिपॅटायटिस बी होऊन गेल्याच्या खुणा सापडल्या आणि ०.६ टक्क्यांना तो चालू होता. या चालू असलेल्यांपैकी ४२ टक्क्यांना ते आधी माहीतच नव्हते. अशा ठिकाणी चाचणीचा निकाल नसेल तर औषधाची मागणी पुढे जाऊ देऊ नये. कंटाळ्याची तक्रार करणाऱ्यांनी हा फरक मान्य केला की त्यांच्या आक्षेपातले निम्मे पाणी ओसरते.

तिसरा आक्षेप आकड्यांचा. वैद्यकीय संशोधनांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००९ च्या आढाव्यात अशा संगणकीय सूचनांमुळे योग्य कृतीचे प्रमाण मध्यांकाने केवळ ४.२ टक्क्यांनी वाढलेले दिसले. एवढ्यासाठी एवढा खटाटोप? पण त्या आढाव्यात लसीकरण, औषधाचा डोस, चाचण्या, सल्ला असे सगळे एका माळेत ओवलेले आहे. काही ठिकाणी परिणाम जवळजवळ शून्य, काही ठिकाणी वीस टक्क्यांच्या आसपास. सगळ्यांचा मध्य काढून तो एका विशिष्ट आठवणीला लावणे म्हणजे कोकण आणि मराठवाडा यांचा सरासरी पाऊस काढून त्यावर पेरणी करण्यासारखे आहे.

हिपॅटायटिस बीपुरते पाहायचे तर २०१३ साली प्रसिद्ध झालेली कॅलिफोर्नियातील चाचणी जवळची आहे. दोन प्राथमिक दवाखान्यांतील १७५ रुग्ण घेतले. आडनावे चिनी किंवा व्हिएतनामी, वय अठराच्या पुढे, पूर्वी कधीच चाचणी न झालेले, आणि डॉक्टरची भेट ठरलेली. चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटातील रुग्णांच्या डॉक्टरांना भेटीआधी इलेक्ट्रॉनिक संदेश गेला. दुसऱ्या गटात नेहमीप्रमाणे चालू ठेवले. संदेश गेलेल्या गटात सुमारे ४१ टक्के रुग्णांसाठी चाचणी मागवली गेली. दुसऱ्या गटात एका रुग्णासाठी. एक टक्क्याच्या जवळपास. चाचणी लहान आहे, दवाखाने दोनच आहेत, आणि जे आतापर्यंत सुटले होते तेच निवडल्यामुळे फरक ठळक दिसणार हेही खरे. तरीही तो एक टक्का डोळ्यांत भरतो. कॅलिफोर्निया म्हणजे मोठ्या आशियाई वस्तीचे राज्य. तिथल्या सॅन फ्रान्सिस्कोत तर २००७ पासून हिपॅटायटिस बी विरुद्ध गाजावाजा करून मोहीम चाललेली. डॉक्टरांना हा आजार माहीत नव्हता असे कोणीही म्हणणार नाही. माहीत असूनही नेहमीच्या भेटीत चाचणी मागवण्याचे प्रमाण शंभरात एक.

खर्चाची गोष्टही इथेच उरकता येते. सगळ्या प्रौढांची एकदा तपासणी करून बाधितांवर उपचार केले तर दर लाख प्रौढांमागे हिपॅटायटिस बीने होणारे सुमारे दहा मृत्यू टळतात आणि पैसाही वाचतो, असा हिशेब अमेरिकेत २०२२ साली मांडला गेला. त्यामागचे कारण गुंतागुंतीचे नाही. गोळी स्वस्त झाली आहे, यकृतरोपण स्वस्त झालेले नाही.

चौथा आक्षेप ‘धोका असेल त्यालाच विचारा’ असा आहे. ऐकायला तो शहाणपणाचा वाटतो आणि अमेरिकेत तो दीर्घकाळ अधिकृत धोरणच होता. २००८ च्या सीडीसीच्या मार्गदर्शनाप्रमाणे ज्या देशांत या आजाराचे प्रमाण २ टक्के किंवा अधिक आहे, तिथे जन्मलेल्यांची तपासणी करायची होती. शिवाय सुईने नशा करणारे, पुरुषांशी शरीरसंबंध असणारे पुरुष, डायलिसिसवरचे रुग्ण अशी यादी. आता हे डॉक्टरने विचारायचे कसे? गुडघा दाखवायला आलेल्या गृहस्थाला ‘तुम्ही कधी सुईने नशा केली आहे का’ असे विचारताना विचारणाराच अवघडतो, आणि उत्तर खरे मिळेल याची खात्री नाही. मग विचारणेच टळते.

संगणकाला यादी दिली तरी घोटाळे होतातच. अमेरिकेतील बहुतेक नोंदींत जन्माचा देश लिहिलेलाच नसतो. म्हणून आडनावावरून ओळखायची युक्ती निघाली. चिनी आणि व्हिएतनामी आडनावांची यादी करता येते, ती कामही करते. पण सीडीसीच्या दोन टक्क्यांच्या कसोटीत भारतात जन्मलेलेही येत होते. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणारे कुलकर्णी, पाटील किंवा शिंदे त्या यादीत कुठून सापडणार? आडनाव डिसूझा असेल तर संगणक त्याला ब्राझीलचा समजण्याची शक्यता जास्त. नायजेरियातून आलेल्या आणि इंग्रजी नाव लावणाऱ्या माणसाचे तर नावच घेऊ नये. ‘धोका असेल त्यालाच’ या धोरणाने ज्यांना धोका होता तेच सुटले. २०२३ ची सर्वांना एकदा ही शिफारस त्या अपयशातूनच आली.

यादीबाहेरचा माणूसही बाधित असू शकतो याचे भारतातील सर्वांना माहीत असलेले उदाहरण अमिताभ बच्चन यांचे आहे. १९८२ साली ‘कुली’च्या चित्रीकरणात जखमी झाल्यावर त्यांना अनेक दात्यांचे रक्त द्यावे लागले. त्यांतल्या एकाच्या रक्तातून हिपॅटायटिस बी आला, पुढे अनेक वर्षांनी नेहमीच्या तपासणीत तो कळला आणि तोवर यकृताचा तीन-चतुर्थांश भाग निकामी झालेला होता, असे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. देशातले उत्तमोत्तम डॉक्टर ज्यांच्या दाराशी होते त्यांची ही कथा. तिथे ज्ञान कमी नव्हते, पैसा कमी नव्हता. मधल्या वर्षांत ही चाचणी करण्याचा दिवस तेवढा आला नाही.

पाचवा आक्षेप गोपनीयतेचा. त्याला हलके लेखणे बरोबर नाही. हिपॅटायटिस बी असल्याच्या कारणावरून न्यू जर्सीतील एका वैद्यकीय विद्यापीठाने विद्यार्थ्यांचे प्रवेश अडवले आणि अखेर २०१३ साली अमेरिकेच्या न्याय खात्याला मध्ये पडून अपंगहक्क कायद्याखाली तडजोड करून घ्यावी लागली. भारतात नोकरीपूर्व तपासणीत हा निकाल निघाला की नियुक्तिपत्र लांबते, लग्न ठरताना कुजबुज होते, घरात ताट-वाटी वेगळी ठेवली जाते. हा विषाणू जेवणातून किंवा हस्तांदोलनातून पसरत नाही हे सांगूनही ताट वेगळेच राहते. ही भीती खोटी नाही. पण ती आठवणीच्या विरोधात जाते असे म्हणणे उफराटे आहे. यादी करून निवडक माणसांनाच तपासले तर चाचणी हाच शिक्का होतो. तुझे नाव यादीत का आले, असा प्रश्न निकालाआधीच उभा राहतो. सर्वांची चाचणी असली की चाचणीचे लाजिरवाणेपण जाते, साखर तपासण्यासारखे होते. निकाल कोणाला दिसावा हा वेगळा आणि कडक नियमांचा विषय आहे. उपचार करणाऱ्याला दिसावा, मालकाला आणि मनुष्यबळ विभागाला दिसू नये. तो नियम कागदी फायलीला लावणे अवघडच होते. फाईल कोणी उघडली याची खूण कागदावर राहत नाही; इलेक्ट्रॉनिक नोंदीत राहते.

सहावा आक्षेप सर्वांत खरा आहे, म्हणून त्याचे उत्तरही सर्वांत लांबलचक. चाचणी मागवली म्हणजे उपचार झाला का? मुळीच नाही. मागवलेली चाचणी होतेच असे नाही, झालेल्या चाचणीचा निकाल कोणी वाचतोच असे नाही, वाचलेला निकाल कळतोच असेही नाही. या शेवटच्या गोष्टीकडे जवळून पाहण्यासारखे आहे.

डॉक्टर मागणीच्या चौकटीत ‘हिपॅटायटिस’ असे टंकतो. खाली एक लांब यादी उघडते. त्यात ‘तीव्र हिपॅटायटिस पॅनेल’ असा आयता संच असतो आणि घाईत त्यावरच क्लिक होते. हा संच आत्ताच कावीळ झालेल्या माणसासाठी आहे. त्यात एचबीएसएजी असते, हिपॅटायटिस ए आणि सी असतात, आणि बीच्या गाभ्याविरुद्धच्या प्रतिपिंडांपैकी फक्त आयजीएम, म्हणजे नव्या संसर्गात वाढणारे. तपासणीसाठी हव्या असतात तीन गोष्टी. एचबीएसएजी, म्हणजे विषाणूच्या आवरणावरील प्रथिन, ज्यावरून विषाणू आज शरीरात आहे की नाही ते कळते. अँटी-एचबीएस, म्हणजे संरक्षक प्रतिपिंड, ज्यावरून लस लागू झाली आहे का ते कळते. आणि एकूण अँटी-एचबीसी, ज्यावरून विषाणू कधीतरी येऊन गेला आहे का ते कळते. पहिली नकारात्मक आणि तिसरी सकारात्मक आली तर माणूस आज ठीक असतो, पण उद्या त्याला रिटुक्सिमॅब लागले तर धोक्यात येऊ शकतो. तीव्र पॅनेलमध्ये हा माणूस बहुधा दिसतच नाही. २०२३ च्या शिफारशीने तिन्ही चाचण्या एकत्र करायला सांगितल्या त्या यासाठीच. तेव्हा आठवणीचे खरे मोल तिच्या वाक्यात कमी आणि तिच्या बटणामागे जास्त आहे. एका क्लिकमध्ये योग्य तीन चाचण्या आणि निकालासोबत त्यांचा अर्थ मराठीत सांगता येईल इतक्या सोप्या दोन ओळींत दिला, तर निम्मी गळती तिथेच थांबते.

उरलेली गळती पुढची आहे. एचबीएसएजी सकारात्मक आलेल्या प्रत्येकाला लगेच गोळी लागत नाही. रक्तातल्या विषाणूचे प्रमाण, यकृतातील विकराची पातळी, यकृत किती कडक झाले आहे हे पाहून ठरते. कोणाला गोळी, कोणाला नुसती नजर, कर्करोगाचा धोका असणाऱ्याला दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. हे सगळे पुन्हा तसेच, मुदत न सांगणारे काम. जी पहिली आठवण द्यायची तिच्याबरोबर दुसरी, तिसरी जोडलेली नसेल आणि फोन करून रुग्णाला बोलावणारे कोणी दवाखान्यात नसेल, तर टीकाकार बरोबर ठरतील. पण त्यांनी काढलेला उपाय, म्हणजे पहिलीच आठवण बंद करणे, हा नळाला गळती आहे म्हणून विहीर बुजवण्याचा प्रकार आहे.

शेवटचा आक्षेप भारतातून येतो. इथे केसपेपरवर काम चालते, ओपीडीत रांग दरवाजाबाहेर जाते, अमेरिकेच्या स्क्रीनचे इथे काय? म्हणणे वरवर पटते. पण या देशात हिपॅटायटिस बीची चाचणी होत नाही हा समजच चुकीचा आहे. ती रोज होते. शस्त्रक्रियेआधी जवळजवळ प्रत्येक रुग्णालयात ‘व्हायरल मार्कर’ म्हणून एचआयव्ही, एचबीएसएजी आणि हिपॅटायटिस सी तपासतात. हर्नियासाठी भरती झालेल्या माणसाची एचबीएसएजी सकारात्मक आली की फाईलवर लाल शाईने खूण होते, यादीत त्याचे नाव शेवटी ढकलले जाते, आत शिरणारे दोन-दोन हातमोजे घालतात. शस्त्रक्रिया होते, टाके निघतात, डिस्चार्ज कार्डावर हर्निया लिहिलेला असतो. यकृताबद्दल कोणी अवाक्षर काढलेले नसते. चाचणी रुग्णाच्या पैशातून, रुग्णाच्या रक्तावर, पण कर्मचाऱ्यांच्या रक्षणासाठी झालेली असते. त्यामुळे काम झाले की निकाल कामाचा राहत नाही. या माणसाला शोधायला नवी चाचणी लागत नाही. डिस्चार्ज कार्ड छापताना ‘एचबीएसएजी सकारात्मक, यकृतरोग ओपीडीला दाखवणे’ अशी ओळ आपोआप उमटेल एवढीच सोय लागते. प्रयोगशाळेचे निकाल आजही बहुतेक ठिकाणी संगणकातच छापले जातात. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २०१८ पासून चालू आहे, त्यात तपासणी आणि औषधे मोफत आहेत. दोन्ही टोके आहेत, मधली तार जोडलेली नाही.

गरोदर स्त्रियांच्या बाबतीत ही तुटलेली तार सर्वांत महाग पडते. जन्माच्या वेळी संसर्ग झालेल्या दहा बाळांपैकी नऊंमध्ये तो कायमचा राहतो. प्रौढपणी झालेल्या संसर्गात हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास असते. म्हणून बाळाला पहिली लस चोवीस तासांच्या आत, आणि आई बाधित असेल तर त्याबरोबर बारा तासांच्या आत इम्युनोग्लोब्युलिनचे, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे, इंजेक्शन. आईच्या रक्तात विषाणू जास्त असेल तर तिला गरोदरपणातच टेनोफोव्हिर देता येते. आता महाराष्ट्रातली रीत पाहा. नाव नोंदवले, रक्त तपासले ते सासरी, समजा पिंपरीत. पहिले बाळंतपण माहेरी, समजा लातूरकडच्या तालुक्याच्या गावी. निकाल प्लास्टिकच्या पिशवीत, सोनोग्राफीच्या फोटोंच्या गठ्ठ्यात. कळा रात्री सुरू होतात, पिशवी आणायची राहते, किंवा आणली तरी त्या घाईत कोणी चाळत नाही. लस रुग्णालयाच्या फ्रीजमध्ये असते. इम्युनोग्लोब्युलिन बहुधा नसते, ते जिल्ह्याच्या ठिकाणाहून बर्फात घालून आणावे लागते, आणि रात्री दोन वाजता दुकान उघडे नसते. २०२१ पासून देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधील चौदा आकडी आभा (आरोग्य खाते) क्रमांकाला तिचा निकाल जोडलेला असेल, तर ती माहेरच्या दवाखान्यात आठव्या महिन्यात पहिल्यांदा नाव घालते त्याच दिवशी तो तिथल्या स्क्रीनवर दिसू शकतो, आणि इंजेक्शन मागवायला चार आठवडे मिळतात.